तोलामोलाचे शत्रू

भांडणालासुद्धा तोलामोलाचा माणूस लागतो, असे आपल्याकडची जुनी माणसे म्हणत. दुबळ्याला लोळवणाऱ्याचे कौतुक गाव करीत नाही, आणि बलाढ्यासमोर पहिल्याच क्षणी आडवा होणाऱ्याची कीवही फार दिवस टिकत नाही. कुस्तीच्या फडावर म्हणूनच जोड लावणारा एक जाणता माणूस असतो. तो मल्लांचे खांदे पाहतो, माना पाहतो, मागच्या कुस्त्या आठवतो आणि मग दोन नावे पुकारतो. जोड जमली तर फड रंगतो. नाही जमली तर लोक धोतर झटकून उठतात. गेली काही वर्षे मीही जोड लावण्याचा उद्योग करीत आहे. माझा आखाडा मात्र मातीचा नाही. तो संगणकाच्या पडद्यावरच्या आभाळात आहे आणि माझे मल्ल म्हणजे ऐंशी वर्षांपूर्वीची लढाऊ विमाने.

आम्ही चौदा जण आहोत. काही वसईत, काही आखातात, दोघे कॅनडात. शनिवारी रात्री साडेनऊला आम्ही आपापल्या घरी संगणकासमोर बसतो. तेव्हा कुवेतमध्ये संध्याकाळचे सात वाजलेले असतात आणि टोरांटोत भर दुपार असते. हाती जॉयस्टिक, कानावर बोलण्या-ऐकण्याचे यंत्र आणि समोर १९४० सालचे आकाश. ही करमणूक तशी नवी नव्हे. टेलिफोनच्या तारेवरून खेळला जाणारा ‘एअर वॉरियर’ १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत सुरू झाला. पुढे २००१ साली रशियातून ‘आयएल-२ स्टर्मोविक’ आला आणि अशा खेळांना इतिहासाच्या अभ्यासाची जोड मिळाली. विमानाचे वजन, पंखांचे क्षेत्रफळ, इंजिनाची ताकद, बंदुकीतल्या गोळ्यांची संख्या हे सारे जुन्या नोंदींवरून घेतलेले असते. कोणत्या बाजूला कोणते विमान, कोणता महिना, कोणती उंची, धावपट्ट्या किती अंतरावर, हे ठरवण्याचे काम माझ्याकडे आहे. त्यामुळे तक्रारीही माझ्याकडेच येतात.

पहिली आणि कधीही न संपणारी तक्रार १९४० सालची. एका बाजूला इंग्रजांचे स्पिटफायर, दुसऱ्या बाजूला जर्मनांचे मेसरश्मिट १०९. स्पिटफायर लहान वर्तुळात वळते. मेसरश्मिटच्या इंजिनात इंधन पिचकारीने थेट सोडलेले असते, त्यामुळे वैमानिकाने नाक एकदम खाली दाबून सूर मारला तरी इंजिन कुरकुरत नाही. स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनाला साधा तरंगत्या गोळ्याचा कार्ब्युरेटर. नाक एकदम खाली दाबले की त्याचा श्वास अडकायचा आणि तेवढ्या क्षणात शत्रू निसटायचा. म्हणून इंग्रज वैमानिक आधी विमान उलटे करीत व मग सूर मारीत. या दुखण्यावर फार्नबरोच्या संशोधनकेंद्रात काम करणाऱ्या बीअट्रिस शिलिंग या अभियंता बाईंनी उपाय काढला: इंधनाच्या वाटेत बसवायची, मधे भोक असलेली एक लहानशी धातूची चकती. १९४१च्या आरंभी ती विमानांत बसू लागली. एका चकतीने दोन साम्राज्यांच्या विमानांमधला तोल हलला. हे वाचले तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

पण ती चकती आली तेव्हा ब्रिटनवरची ती मोठी लढाई संपून गेलेली होती. मग १९४०च्या उन्हाळ्यात तोल राखला कोणी? काही अंशी पेट्रोलने. त्या वर्षी इंग्रजांना शंभर ऑक्टेनचे पेट्रोल मिळू लागले आणि मर्लिनची ताकद सुमारे १०३० अश्वशक्तीवरून, कमी उंचीवर का होईना, १३००च्या घरात गेली. आमच्या गटात यावरून जेवढा वाद झाला तेवढा गावच्या निवडणुकीवरूनही होत नसेल. जर्मन बाजूची मंडळी म्हणत, “जुने पेट्रोल द्या, तरच बरोबरी.” इंग्रज बाजू म्हणे, “जे त्यांच्या टाकीत होते तेच आम्हाला द्या.”

दोन्ही बाजू विमानाकडे पाहत होत्या आणि नकाशाकडे कोणाचेच लक्ष नव्हते. मेसरश्मिट फ्रान्सच्या किनाऱ्यावरून उडून लंडनवर पोहोचे तेव्हा लढण्यासाठी त्याच्याजवळ दहा मिनिटांच्या आसपास पुरेल एवढेच इंधन उरे. त्याच्या दोन तोफांमध्ये प्रत्येकी साठच गोळे. सात-एक सेकंदांत संपणारे. स्पिटफायरच्या आठ मशीनगन त्याच्या दुप्पट वेळ चालत, जरी त्यांच्या गोळ्या बारीक होत्या. शिवाय पाडलेला इंग्रज वैमानिक छत्रीने आपल्याच शेतात उतरे आणि जखमी नसेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा उडे. पाडलेला जर्मन कैदेत जाई नाहीतर खाडीच्या थंड पाण्यात. म्हणजे खरा तोल दोन विमानांत नव्हताच. तो समुद्राच्या त्या पट्ट्यात होता. आमच्या खेळात मात्र सर्वांना लवकर लढाईला भिडता यावे म्हणून धावपट्ट्या जवळजवळ ठेवल्या होत्या आणि मेसरश्मिटचे खरे दुखणेच पुसले गेले होते. मी त्याची धावपट्टी मागे नेली. पेट्रोल शंभर ऑक्टेनचेच ठेवले. त्या शनिवारी तीन मेसरश्मिट इंधन संपून समुद्रात उतरले. वैमानिक चिडले, पण ‘अन्याय’ हा शब्द कोणी उच्चारला नाही.

दुसरा पेच याहून अवघड आहे. सप्टेंबर १९४१मध्ये जर्मनांनी फोक-वुल्फ १९० हे विमान आणले. वेग, चढाई, कुशीवर कलंडण्याची चपळाई, मारा, या सगळ्यांत ते तेव्हाच्या स्पिटफायर पाचपेक्षा सरस होते. स्पिटफायरजवळ उरले ते फक्त लहान वर्तुळातले वळण. २३ जून १९४२ रोजी आर्मिन फाबर नावाचा जर्मन वैमानिक दिशा चुकला, ब्रिस्टलच्या खाडीलाच इंग्लिश खाडी समजला आणि वेल्समधल्या पेम्ब्री येथे शत्रूच्या धावपट्टीवर आपले कोरे करकरीत फोक-वुल्फ अलगद उतरवून मोकळा झाला. इंग्रजांना ते तपासायला मिळाले. पुढच्याच महिन्यात स्पिटफायर नऊ लढाईत उतरले आणि पारडी पुन्हा सारखी झाली. गंमत अशी की पाच आणि नऊ ही विमाने लांबून सारखीच दिसत. समोरचा कोणता आहे हे जर्मनाला आधी कळत नसे, आणि त्या शंकेनेच निम्मे काम होई.

पण मधल्या दहा महिन्यांचे काय? खेळात मी मार्च १९४२ हा महिना लावला तर इंग्रज बाजू दुसऱ्या शनिवारी रिकामी होईल. एकाला पाहुणे येतील, दुसऱ्याची वीज जाईल, तिसरा सरळ सांगेल की रोज मार खाण्यासाठी मी रात्र जागवत नाही. त्यात गैर काहीच नाही. खेळातून उठण्याची मुभा असते. खऱ्या वैमानिकांना ती नव्हती. आपले विमान कमी पडते हे ठाऊक असूनही ते सकाळी उठून त्यात बसत होते.

इथे मोह होतो. फोक-वुल्फचा वेग गुपचूप वीस किलोमीटरने कमी केला तर? कोणाला कळणार? असे करणारे आहेत, आणि त्यांचा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही: हा खेळ आहे, इतिहासाची परीक्षा नाही. तरीही माझा हात तिकडे जात नाही. खोट्या तराजूविषयी नीतिसूत्रांच्या ग्रंथात काय म्हटले आहे ते आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. खोटा तराजू दोन्ही गिऱ्हाइकांना आवडला म्हणून खरा होत नाही. मी महिना बदलतो, ढग आणतो, उंची बदलतो, संख्या बदलतो. एका बाजूला लढण्याचे काम देतो आणि दुसरीला केवळ छायाचित्रे काढून परतण्याचे. विमानाला मात्र बोट लावत नाही. ते यंत्र ज्यांनी घडवले आणि ज्यांनी त्यात प्राण सोडले त्यांच्याविषयी एवढे तरी इमान हवे.

मोठ्या खेळांनी इतर वाटा काढल्या आहेत. ‘वॉर थंडर’मध्ये प्रत्येक विमानाला एक अंक दिलेला असतो व जवळजवळच्या अंकांची विमाने समोरासमोर येतात. तो अंक खेळणाऱ्यांच्या यशापयशावरून वरखाली होतो. ऐकायला न्याय्य वाटते. पण कसलेले खेळाडू एखाद्या विमानाकडे वळले की ते विमान कागदावर बलवान ठरते, आणि नवख्यांनी वापरलेले चांगले विमान दुबळे ठरते. माणसाचे गुणदोष यंत्राच्या खात्यावर जमा होतात. २००० सालापासून चालत आलेल्या ‘एसेस हाय’ने काढलेली युक्ती मला अधिक शहाणपणाची वाटते: उत्तम विमान हवे तर आधी साध्या विमानात लढून गुण मिळवा; आणि ज्या बाजूला माणसे जास्त, त्या बाजूला उत्तम विमाने बंद. संख्येचा माज विमानाने उतरवायचा! आपल्या काही संस्थांनाही हा नियम लावावा असे कधी कधी मनात येते, पण तो विषय वेगळा.

एवढे सगळे शिकूनही मी ज्या एका जोडीपुढे हतबल झालो होतो ती जोड विमानांची नव्हती. आमच्यातले सर्वांत वडीलधारे सदस्य एक निवृत्त गृहस्थ आहेत. पत्नी निवर्तल्या आहेत, मुलगा कुवेतला नोकरीला आहे. शनिवारची रात्र ही बापलेकांची भेट असते. फोनवर दोघांचे बोलणे जेवलास का, पाऊस आहे का, एवढ्यावर संपते. आभाळात मात्र ते तासन्‌तास एकत्र असतात. मुलगा आमच्यातला सर्वांत तरबेज वैमानिक. वडिलांच्या हाताला अलीकडे कंप सुटतो. दोघे विरुद्ध बाजूंना असले की पहिल्या पाच मिनिटांत मुलगा वडिलांना पाडायचा. मग तो मुद्दाम नेम चुकवू लागला. ते वडिलांना कळले.

“अरे, तू मला सोडून देतोस. मला समजत नाही का?” ते म्हणाले. त्यानंतर तीन शनिवार ते आलेच नाहीत.

मी त्यांच्या घरी गेलो आणि तोडगा सुचवला: तुम्ही १९४२चे स्पिटफायर घ्या, मुलाला १९४०चे मेसरश्मिट देतो. त्यांनी हसून मान हलवली. “बाबा रे, तू मला काठी दिलीस, पण पाय माझेच आहेत.”

परतताना मला शौल राजाच्या चिलखताची आठवण झाली. दावीद गल्याथाशी लढायला निघतो तेव्हा शौल त्याला आपले शिरस्त्राण आणि चिलखत चढवतो. राजाचा हेतू चांगला असतो, त्याला जोड बरोबरीची करायची असते. पण त्या पोराला त्यात चालताही येत नाही. तो सगळे उतरवून ठेवतो आणि ओढ्यातले पाच गोटे उचलतो. शौलाची चूक एवढीच की बरोबरी म्हणजे सारखेपणा असे त्याने धरले. गल्याथाची तलवार जिथे पोहोचत नाही तिथून गोफण चालते, ही बरोबरी राजाला सुचली नव्हती.

मला ती सुचली जॉन थॅच या अमेरिकी नौदलाच्या वैमानिकामुळे. १९४१ साली जपानच्या नव्या लढाऊ विमानाविषयीची गुप्त माहिती त्याच्या वाचनात आली. ‘झीरो’ या नावाने जगाला माहीत झालेले ते विमान हलके, चपळ, चढाईत तेज; अमेरिकेचे वाइल्डकॅट त्याच्यापुढे बैलगाडी. वाइल्डकॅटला चिलखती पत्रा होता, गोळी लागली तरी गळती थोपवणाऱ्या टाक्या होत्या, झीरोला हे काहीच नव्हते. पण आधी नेम तर धरता आला पाहिजे! थॅच रात्री घरच्या टेबलावर आगकाड्या मांडून बसे. त्यातून त्याला सुचले ते असे: दोन विमानांनी शेजारी शेजारी, पण मधे मोकळी जागा ठेवून उडायचे. एकाच्या पाठीशी शत्रू लागला की दोघांनी एकमेकांच्या दिशेने वळायचे. पाठलाग करणारा आपोआप दुसऱ्याच्या बंदुकीसमोर येतो. मग पुन्हा दूर, पुन्हा जवळ. चटई विणावी तसे. ही युक्ती पारखताना त्याने आपल्या बाजूच्या चार विमानांच्या इंजिनांची ताकद मुद्दाम निम्म्यावर बांधून घेतली आणि एडवर्ड ओ’हेअर या सहकाऱ्याला पूर्ण ताकदीच्या चार विमानांनिशी हल्ला करायला सांगितले. ओ’हेअरला नेम साधेना. ४ जून १९४२ रोजी मिडवेच्या लढाईत थॅचने ती विणकाम-युक्ती झीरोंसमोर वापरली आणि ती चालली.

या युक्तीत हाताच्या चपळाईपेक्षा वेळेचे भान आणि जोडीदारावरचा भरवसा जास्त लागतो. मी त्या गृहस्थांची जोडी माझ्या कॉलेजात शिकणाऱ्या भाचीशी लावली. दोन वाइल्डकॅट, समोर झीरोमध्ये कुवेतचे चिरंजीव. भाची प्रथम नाराज होती. “मामा, मला चांगला जोडीदार द्या ना,” असे तिने मला बाजूला घेऊन सांगितलेही. पण पहिल्याच सरावात तिला समजले की आजोबांची नजर तिच्या पाठीवरून क्षणभरही हलत नाही. “आता वळ, पोरी!” हा त्यांचा आवाज कानावर पडला की ती वळे, आणि हाताला कंप असो वा नसो, तेही तिच्याकडे वळलेले असत. सहा शनिवार झीरोने दोघांना हुलकावण्या दिल्या. सातव्या शनिवारी तो आजोबांच्या मागे लागला आणि नको तेवढा वेळ लागून राहिला. भाचीच्या गोळ्या त्याच्या टाकीत शिरल्या. क्षणभर कानावर काहीच आले नाही. मग कुवेतहून हसण्याचा आवाज आला आणि पाठोपाठ, “पप्पा! हे कुठे शिकलात?”

आमच्या ओळखीच्या एका धर्मगुरूंनी मला विचारले होते, “मरण ही खेळण्याची वस्तू आहे का?” प्रश्न रास्त आहे आणि मी त्याला झटकून टाकू शकलेलो नाही. आमच्या आभाळात मेलेला माणूस अर्ध्या मिनिटात पुन्हा धावपट्टीवर उभा असतो. १९४०च्या त्या लढाईत इंग्रजांच्या लढाऊ विमानदलातले पाचशेहून अधिक वैमानिक व त्यांचे सहकारी पुन्हा उभे राहिले नाहीत. ब्रेंडन फिनुकेन हा आयरिश कॅथलिक तरुण इंग्रजांच्या बाजूचा नामांकित वैमानिक. १५ जुलै १९४२ रोजी त्याचे स्पिटफायर खाडीत बुडाले तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. समोरच्या बाजूचा वेर्नर म्योल्डर्स, शंभर विमाने पाडणारा पहिला जर्मन, तोही श्रद्धावान कॅथलिक. १९४१च्या नोव्हेंबरात प्रवासी म्हणून बसलेल्या विमानाच्या अपघातात अठ्ठाविसाव्या वर्षी गेला. पोपमहोदय पंधरावे बेनेडिक्ट यांनी १९२० साली लोरेटोच्या मातेला वैमानिकांची आश्रयदाती म्हणून घोषित केले होते. दोन्ही बाजूंच्या कॉकपिटमधून तिचाच धावा झाला असेल. विमानांचा तोल मी साधू शकतो. त्या दोन बाजू कशासाठी लढत होत्या त्याचा तोल साधता येत नाही, आणि साधूही नये. जर्मन बाजूने उडणाऱ्या मुलांना मी हे एकदा स्पष्ट सांगितले आहे. छत्रीने उतरणाऱ्यावर गोळी झाडायची नाही, हा आमचा आणखी एक नियम. तो मोडणाऱ्याला महिनाभर बाहेर बसावे लागते.

तेविसावे योहान यांनी १९६३ सालच्या ‘पाचेम इन तेरिस’ या विश्वपत्रात बजावले होते की राष्ट्रांमधली खरी शांती शस्त्रांच्या बरोबरीवर उभी राहत नाही, ती परस्परांच्या विश्वासावर उभी राहते. शस्त्रांची बरोबरी हाच ज्याचा शनिवारचा धंदा त्याने हे वाचून जरा अवघडायला हवे, आणि मी अवघडतो. पण आमचा खेळही केवळ बरोबरीवर चालत नाही असा माझा अनुभव आहे. धावपट्टी मागे नेली तेव्हा मेसरश्मिटवाल्यांनी ती मान्य केली, कारण पुढच्या शनिवारी मी त्यांचेही ऐकेन अशी त्यांना खात्री होती. ही खात्री नसती तर दोन्ही बाजूंना एकच विमान देऊनही भांडण मिटले नसते.

आता मंडळींना १९४४ साल हवे आहे आणि माझी झोप पुन्हा उडाली आहे. त्या वर्षी जर्मनांनी लढाऊ विमाने पूर्वी कधी नव्हती एवढी बांधली; कमी पडले ते पेट्रोल आणि शिकलेले वैमानिक. कमी शिकलेला वैमानिक मी कुठून आणू? आमचे सगळेच शंभर वेळा मरून तयार झालेले. त्यातच कुवेतच्या चिरंजिवांनी मेसरश्मिट २६२ मागितले आहे. ते जेट विमान. त्याच्या वेगाला त्या काळी दोस्तांच्या लढाऊ विमानांत तोड नव्हती. खूप विचार करून मी एक दिले आहे. एकच, आणि अट अशी की लढाईनंतर ते ठरलेल्या धावपट्टीवरच उतरवायचे. जेट उतरताना मंद होते, त्याचे इंजिन पुन्हा वेग घ्यायला वेळ लावते, आणि दोस्तांचे वैमानिक नेमके तिथेच त्याची वाट पाहत, ही गोष्ट इतिहासात नोंदलेली आहे. मुलाने ती वाचली आहे की नाही, मला ठाऊक नाही. त्याच्या वडिलांनी वाचली आहे. त्यांनी स्वतःसाठी आणि भाचीसाठी दोन मस्टँग मागून घेतली आणि त्या धावपट्टीचा नकाशा माझ्याकडून दोनदा समजावून घेतला. “पोराला बोलू नकोस,” एवढेच त्यांनी बजावले आहे. हे त्रैमासिक कुवेतला पोहोचेल तोवर तो शनिवार उलटून गेलेला असेल.